रागानं लावलेलं सफरचंद

लोक झाडं हौसेनं लावतात. कुणी मुलाच्या वाढदिवसाला लावतं, कुणी गेलेल्या माणसाच्या नावानं लावतं, कुणी फोटोपुरतं लावतं आणि दुसऱ्या दिवशी शेळीवर सोडून देतं. परतूरच्या माझ्या घरामागं मी सफरचंद लावलं ते रागानं. खड्डा खणताना राग होता, माती कालवताना होता, आज पाच हिवाळे झाले तरी आहे. पौष लागला की मी झाडाखाली स्टूल मांडते आणि एकेक पान हातानं ओढून काढते. तेव्हा तो पुन्हा ताजा होतो.

पानं काढावीच लागतात. डोंगरातलं सफरचंद थंडी पडली की आपणहून पानं टाकतं, झोपी जातं आणि ऊन चढू लागलं की फुलतं. परतूरच्या थंडीला ते काय भीक घालणार? सकाळी स्वेटर घालून शाळेत आलेल्या पोरी तिसऱ्या तासाला तो कमरेला बांधून बसतात. कमी थंडीत फळणारी जात मागवली तरी तिलाही थोडी फसवणूक लागतेच. सगळी पानं काढायची, झाडाला उघडं करायचं आणि महिनाभर त्याच्याकडे बघायचंही नाही. मग झाडाला वाटतं, आपण हिवाळा पाहिला. मी मुलींना गणित शिकवते, खोटं बोलायची मला सवय नाही. दरवर्षी एवढं एक खोटं मी या झाडाशी बोलते.

यंदा पानं जास्त होती. हाताला त्यांचा कडवट वास लागला होता आणि मागं खाटेवर आप्पा बसले होते. आप्पा म्हणजे माझे वडील. वय ऐंशीच्या पुढं, डोळे बरे, कान बरे, गुडघे गेलेले. आयुष्यभर त्यांनी मोसंबी केली. घनसावंगीकडच्या आमच्या गावात तीनशे झाडांची बाग होती आणि त्या बागेचा माणूस म्हणूनच पंचक्रोशीत त्यांना ओळखत. बाग गेली, भाऊ पुण्याला गेला, आप्पा माझ्याकडे आले. लेकीनं बापाला सांभाळलं म्हणून लोक माझं कौतुक करतात. करू देत. हा सांभाळ कसल्या मनानं चाललाय हे कौतुक करणाऱ्यांना काय माहीत!

आमच्याकडे सफरचंद हे फळ नाही, आजार आहे. बाजारात गाड्यावरून अर्धा किलो सफरचंदं घ्या, गाडेवाला पिशवीत भरता भरता विचारतोच, "कोन ॲडमिट हाय, मॅडम?" एकदा मी म्हणाले, "कुणी नाही. मला खायचीत." त्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं, की बाईचं काही खरं नाही. केळी उपासाला, पेरू मीठमिरची लावून, मोसंबी आल्यागेल्याला, आणि सफरचंद दवाखान्यात. बघायला येणारा प्रत्येक जण तीच पिशवी घेऊन येतो. खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर ती सफरचंदं ओळीनं मांडली जातात आणि पेशंटच्या तोंडाला चव येईपर्यंत आतून पिठासारखी होऊन जातात. धडधाकट माणसानं सफरचंद खाणं म्हणजे चैन. या समजुतीची मला लहानपणापासून चीड आहे. आणि चिडीवर चीड अशी, की आमच्या घरात ही समजूतसुद्धा पाळली गेली नाही. जेव्हा पाळायला हवी होती नेमकी तेव्हाच नाही.

मी नववीत होते तेव्हाचा पौष. मोसंबी करणाऱ्या माणसाला वर्षातला तो एक महिना माणसात धरू नये. मार्गशीर्षात बागेचं पाणी तोडायचं. झाडांची आळी उकरून मुळं उघडी पाडायची, बारीक मुळ्या छाटायच्या. झाड तहानेनं पिवळं पडतं, पानं गाळतं. याला ताण देणं म्हणतात. मग नेमका दिवस साधून खत घालायचं, माती लोटायची आणि पाणी सोडायचं. घाबरलेलं झाड अंगभर फुलतं, त्याचा बहार होतो. दिवस चुकला की वर्ष गेलं. त्या दिवसांत आप्पा जेवायलाही बांधावर बसत. माय भाकरी घेऊन जाई आणि ते झाडाच्या पानांकडे बघत बघत खात. एकदा त्यांनी भाजीऐवजी पाण्याच्या तांब्यात घास बुडवला. माय हसली होती. मीही हसले होते. आता नाही हसू येत.

बागेचा ताण तोडायला आठ दिवस उरले होते आणि मायला ताप आला. पहिले दोन दिवस तिनं तो अंगावर काढला. मग उठवेना. मी आप्पांना म्हणाले, जालन्याला नेऊ. आप्पा म्हणाले, "एवढं पाणी सुटू दे, मंग जाऊ." मायनंसुद्धा पडल्या पडल्या मान डोलावली. तिची ती डोललेली मान मला अजून दिसते आणि तिचाही राग येतो. पाणी सुटलं, शेवटच्या झाडापर्यंत पोचलं, आणि मग दुसऱ्या दिवशी आम्ही जालन्याला गेलो. मुदतीचा ताप होता. डॉक्टरांनी तपासलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "इतके दिवस काय करत होता?" मी सांगणार होते, पण तेव्हा मी वडिलांसमोर बोलत नसे.

धाकट्या भावाला काकूकडे ठेवून मी मायजवळ राहिले. ती फिनेलची फरशी, उशाशी ठेवलेलं गार पाणी, खिडकीतून येणारा एसटीचा आवाज. मायचं तोंड आलं होतं. जीभ, गाल, ओठ, सगळं आतून सोललेलं. वरणाचं पाणीसुद्धा ती डोळे मिटून गिळायची. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, बरी होत आलेली. तिच्या भावानं तिला सफरचंदं आणली होती, पिठाळलेली नव्हेत, कडक. ती भिंतीकडे तोंड करून खायची, पण आवाज कुठं लपतो? कचकन तोडल्याचा तो आवाज आला की माय डोळे उघडायची.

"सुमे, आयकलं का?" ती एकदा म्हणाली. "किती गार असंल गं ते आतून."

तिसऱ्या दिवशी आप्पा आले. खांद्याला पिशवी आणि पिशवीत मोसंबी. बहार तर केव्हाच उतरला होता, पण विहिरीकाठच्या दोन झाडांवरचं फळ ते घरासाठी राखून ठेवत, ते त्यांनी मायसाठी तोडून आणलं होतं. आता विचार करते तर कळतं की त्यांच्या परीनं त्यांनी सगळ्यात चांगलं तेच आणलं होतं. कळतं, पण उपयोग काय?

माय म्हणाली, "हे झोंबतंय मला. एखादं सफरचंद आना ना. कडक बघून आना. चावलं न्हाई तरी तोंडात धरून ठेवीन."

आप्पांचा चेहरा असा झाला, जणू तिनं माहेरी पाठवा म्हटलं. "तीनशे झाडं हायत आपली," ते म्हणाले. "मोसंबीवाल्याची बायको इकतचं फळ खाऊन राह्यली म्हनून सांगू का लोकायला? घरचं फळ हाय. दवा हाय ही. पे."

त्यांनी खिशातल्या सुरीनं मोसंब्या कापल्या, हातानंच पिळल्या, बिया बोटानं काढल्या. ग्लास माझ्या हातात दिला. मायनं माझ्याकडे पाहिलं. मी ग्लास तिच्या ओठाला लावला. तिनं प्यायला. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती पीत होती. आप्पा म्हणाले, "बघ, कसं बराबर गेलं." पुढं दर तिसऱ्या दिवशी ते येत राहिले, मोसंबी येत राहिली, आणि ग्लास मीच धरत राहिले. दवाखान्याच्या फाटकाबाहेर फळांचे चार गाडे उभे असत. आप्पा दर वेळी त्यांच्यासमोरून आत येत आणि त्यांच्यासमोरून बाहेर जात.

तिसऱ्या आठवड्यात माय गेली. एका सफरचंदानं ती वाचली असती असं मी म्हणत नाही. एवढं मला कळतं. पण मरणाऱ्या माणसानं मागितलेली एक गोष्ट फाटकाबाहेर शंभर पावलांवर मिळत होती आणि ती आणली नाही, कशासाठी, तर बागेचा मान राहावा म्हणून! आणि त्या वर्षी बाग अशी फुलली, की लोक पाहायला येत. मायच्या तेराव्याच्या पंगती बसल्या तेव्हा अख्ख्या शिवारात मोसंबीच्या फुलांचा वास भरून राहिला होता. येणारा जाणारा म्हणत होता, काय बहार आहे. मला तो वास आजही सहन होत नाही. कुणाच्या घरी मोसंबीचा रस पुढं आला तर मी पोट बिघडलंय म्हणून सांगते.

बाग नंतर कितीतरी वर्षांनी एका कोरड्या उन्हाळ्यात वाळली. विहिरीनं तळ दाखवला, आप्पा तिच्याकडे बघत राहिले. झाडं तोडायला माणसं लावली आणि स्वतः रस्त्याकडे तोंड करून बसले. मी त्या दिवशी गावात होते. मला वाईट वाटेल असं मला वाटलं होतं. खरं सांगते, वाटलं नाही.

ते माझ्याकडे राहायला आले त्याच हिवाळ्यात मी सफरचंदाची रोपं मागवली. मुळांना ओलं शेवाळ आणि पोत्याचं फडकं गुंडाळून दोन काठ्या पार्सलनं आल्या. दोन मागवल्या, कारण एकट्या झाडाला फळ कमी धरतं, फुलोऱ्याला जोड लागते. आमची काळी माती पाणी धरून बसते आणि मुळं सडवते, म्हणून मुरूम आणि शेणखत मिसळून उंच वाफा केला. दुपारनंतरची सावली मिळावी म्हणून भिंतीच्या पूर्वेला जागा धरली. बुडाशी उसाचं पाचट अंथरलं. आप्पा खाटेवरून बघत होते.

"झाड हाय का काठी?"

"सफरचंद आहे."

त्यांनी खाटेवरून वाकून वाफा पाहिला. मग म्हणाले, "इथं न्हाई येत ते."

"येईल," मी म्हणाले, आणि पाय आपटून आत गेले. माझं काय ठरलं होतं ते सांगते, हसू नका. पहिलं फळ पिकलं की ते धुवायचं, या खाटेसमोर खुर्ची मांडायची, आणि धडधाकट असताना, अंगात काही ताप नसताना, बापाच्या डोळ्यांसमोर ते कचकन तोडून खायचं. एक फोडही द्यायची नाही. बिया त्यांच्या हातावर ठेवायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, नातवंडं झालेल्या बाईचं हे स्वप्न! पण दुसरं कुठलं नव्हतं, काय करणार.

दुसऱ्या हिवाळ्यात लेकीचा पाय मोडला म्हणून तीन आठवडे मला पुण्याला जावं लागलं. नवरा नोकरीनिमित्त लातूरला असतो, महिन्यातून एकदा येतो. रोज सकाळी दोन बादल्या पाणी घाला, एवढंच मी आप्पांना सांगून गेले होते. परत आले आणि परसात पाय ठेवला तर दोन्ही झाडांची आळी उकरलेली. पाचट एका बाजूला नीट रचून ठेवलेलं. मुळं उघडी, बारीक मुळ्या छाटलेल्या, पानं लोंबत असलेली. गुडघे गेलेल्या माणसानं बसून बसून, सरकत सरकत, खुरप्यानं हे केलं होतं. त्यांनी माझ्या सफरचंदाला ताण दिला होता.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"पौष हाय," आप्पा म्हणाले. जणू एवढं पुरे. "झाडाला भेव दाखवल्याबगर झाड फळत न्हाई. अजून आठ दिस, मंग पानी सोडू. बिलकुल लदबदून येतंय बघ."

मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या घरातल्या बाईनं खिडकी लावून घेतली, यावरून समजा. मी त्या क्षणी माती ओढली, पाणी घातलं, सावली केली. भिंतीकडचं झाड गेलंच. धुण्याच्या दगडाजवळचं वाचलं, कारण साबणाचं का होईना, तिथं रोज पाणी झिरपत होतं. दोनातलं एक गेलं, म्हणजे उरलेल्याची जोडही गेली. इतकं सगळं बोलले, पण मायचं नाव काढलं नाही. ते तोंडापर्यंत यायचं आणि मागं फिरायचं. अडतीस वर्षं ते असंच करत होतं.

त्याच्या पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा झाडाची पानं हातानं काढायला बसले. आप्पा बघत होते. दुपारपर्यंत झाड उघडं झालं. तेव्हा ते हळूच म्हणाले, "तू बी तेच करून राह्यली की." माझा हात थांबला. त्यांचं बरोबर होतं. त्यांनी पाणी तोडून पानं गाळली असती, मी हातानं ओरबाडत होते, झाडाला घाबरवून फुलवायची विद्या एकच. मला इतका संताप आला की मी उरलेली पानं न काढताच उठले. त्या वर्षी फुलं आली नाहीत. तो दोषही मी मनातल्या मनात त्यांच्यावरच टाकला.

गेल्या वर्षी मात्र झाड फुललं. माघात एका सकाळी धुणं घेऊन गेले तर फांद्यांवर गुलाबी कळ्या, उमलल्यावर पांढऱ्या. वास फारसा नाही, याचं मला बरं वाटलं. जोडीला झाड नव्हतं, तरी पाच फळं धरली. दोन सुपारीएवढी होऊन गळाली. एक खारीनं टोकरलं, एक पोपटांनी. उरलेल्या एकाला मी जुन्या ओढणीची पिशवी शिवून घातली आणि नाडीनं बांधली. वैशाखाच्या उन्हात भिंतीवर ओलं पोतं टाकायची, झळ लागू नये म्हणून. शाळेला सुट्टी होती, कोणाच्या लग्नाला गेले नाही. नणंदेनं टोमणा मारला, "वहिनी, फळाला पाळणा बी बांधा." मी ऐकून घेतलं. रोज संध्याकाळी पिशवी सोडून बघायची. हिरवट होतं, मग पिवळसर, मग उन्हाकडच्या गालावर लाली चढली. आप्पा खाटेवरून विचारायचे, "किती झालं?" मी उत्तर द्यायची नाही. मग तेही विचारायचे थांबले.

ज्येष्ठ लागला, शाळा सुरू झाली. फळ तळव्यात धरून किंचित उचललं तर देठ सुटू पाहत होता. आणखी राहिलं तर आतून पिठाळेल. मी रविवार ठरवला. रविवारी सकाळी, आंघोळ करून, खुर्ची मांडून.

शनिवारी सकाळची शाळा असते. एक वाजता घरी आले, चप्पल काढली आणि सवयीनं मागं गेले. ओढणीची पिशवी घडी घालून खाटेवर ठेवलेली होती, वर तिची नाडी नीट गुंडाळून. झाडावर काही नव्हतं. आप्पा घरात नव्हते. काठीही नव्हती. शेजारची बाई खिडकीतून म्हणाली, "आजोबा स्टेशनकडं गेले रिक्षानं. जालन्याला जाऊन येतो म्हने."

जालन्याला हमीदचाचांची बायको दवाखान्यात होती, हे मला आदल्या दिवशी कळलं होतं. हमीदचाचा बागवान. आमच्या बागेचा बहार झाडावरच बघून ठरवून घ्यायचे, मग उतरवून न्यायचे. आप्पांशी त्यांचं भांडणही तीस वर्षांचं आणि दोस्तीही. आता तेही परतुरातच असतात. शुक्रवारी त्यांचा फोन आला तेव्हा आप्पांनी फोन कानाला लावून मोठ्यानं म्हटलं होतं, "तोंड आलंय? कायच खाईना?" मी भाजी चिरत होते. ते वाक्य माझ्याही कानावर पडलं होतं. मला ते नुसतं ऐकू आलं. आप्पांना त्यातून काय ऐकू आलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

मी खुर्ची मांडली आणि बसून राहिले. जेवले नाही. ज्या खुर्चीवर बसून सफरचंद खायचं होतं तिच्यावर बसून मी वाट बघत होते. चार तास. एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं जायचं नाही, सफरचंद न्यायचं, ही जगाची रीत या माणसाला ऐंशीव्या वर्षी आठवली! आणि तीही माझ्या झाडावर!

संध्याकाळी रिक्षा थांबली. आप्पा भिंतीला धरून धरून मागं आले. गाडीत उभं राहावं लागलं असावं. मला बसलेली बघून ते खाटेपर्यंत आलेच नाहीत, दारातच थांबले.

"माझं फळ कुठंय?"

"जुबेदाला दिलं."

"कुणाला विचारून?"

त्यांनी एका हातानं दाराची चौकट धरली.

"गाडे नव्हते फाटकाबाहेर?" मी ओरडले. "पैसे नव्हते खिशात? मायनं मागितलं तेव्हा तुम्हाला विकतचं फळ नको होतं. ती तोंडात धरून ठेवते म्हणाली होती, तरी नाही आणलं. तुमच्या मोसंबीनं तिचं तोंड भाजत होतं आणि तुम्ही म्हणत होता, बराबर गेलं! आज हमीदचाचांच्या बायकोला सफरचंद! माझं!"

निघालं एकदाचं. मायचं नाव चाळीस वर्षांनी त्या परसात निघालं आणि ते काही मोठं वाटलं नाही. धुण्याचा दगड होता तिथंच होता.

आप्पांनी काठी दोन्ही हातांनी धरली. म्हणाले, "तवाच न्यायचं राह्यल्तं."

"म्हणून आज नेलं? ती माय नव्हती, आप्पा! चुकीच्या बाईला दिलं तुम्ही!"

"माहीत हाय मला," ते म्हणाले.

मग ते खाटेवर जाऊन बसले. ग्लास कोणी धरला होता, हे ते म्हणू शकले असते. मी त्याचीच वाट बघत होते, उत्तर तयार होतं. ते म्हणाले नाहीत. त्या दिवशी मला हे कळलं, की या माणसावरच्या माझ्या रागातला मोठा वाटा त्या ग्लासाचा होता, आणि ग्लास माझ्या हातात होता. कळल्यानं राग कमी होईल असं वाटलं होतं. झाला नाही. तो फक्त दोघांत वाटला गेला. त्याही पलीकडे एक गोष्ट होती. माझी सूड घ्यायची वस्तू त्यांनी उचलली आणि तिचं प्रायश्चित्त केलं. मला विचारलंसुद्धा नाही. रागाला दुसरं काय लागतं?

दोन आठवड्यांनी जुबेदाचाची घरी आल्या. मी भेटायला गेले. काय न्यावं कळेना, शेवटी बिस्किटं नेली. चाची उशीला टेकून बसल्या होत्या, वाळलेल्या, पण डोळे टवटवीत.

"बेटी, तुझ्या झाडाचा सेब मी एकटीनं खाल्ला," त्या म्हणाल्या. "आधी चमच्यानं खरवडून खाऊन राह्यल्ते. मंग म्हटलं, हे काय लेकरावानी. एका बाजूच्या दातानं तोडला. ह्यांनी फोड मागितली, बिलकुल न्हाई दिली. सून म्हणली, अम्मी, पोराला जरा द्या. म्हटलं, न्हाई. जिंदगीत पहिल्यांदा मी कुणाला काय दिलं न्हाई."

मी विचारलं, "गोड होतं?"

"सालीपाशी जरा आंबट होतं. झूठ कामून बोलू? आत गोड. पर कडक असं की आवाजानं पलीकडची बाई उठून बसली." त्या हसल्या. "तुझा बाप समोर बसून आयकत होता. त्यानं बी फोड मागितली न्हाई. डोळे मिटून आयकत होता नुस्ता."

घरी येताना मी रडले नाही. रस्त्यात ओळखीची मुलगी भेटली, तिला गृहपाठ विचारला. माझ्या झाडाचं फळ कडक होतं हे मला दुसऱ्या बाईच्या तोंडून कळलं, आणि तो आवाज ऐकायला खुर्चीवर बसले ते आप्पा, मी नव्हे. मी हा अन्याय अजून विसरले नाही, विसरणार नाही.

तर आता पुन्हा पौष आहे. भिंतीलगत नवीन रोप लावलंय, गेलेल्याच्या जागी, जोड म्हणून. आळ्याला हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद आहे. आज सकाळी मी वरची पानं काढत होते, तर मागून स्टूल ओढल्याचा आवाज आला. आप्पा झाडापाशी येऊन बसले.

"खालची मी काढू का?"

इतक्या वर्षांत माझ्या झाडाला हात लावण्याआधी त्यांनी पहिल्यांदा विचारलं. "काढा," मी म्हणाले. "देठाकडून ओढायचं. फांदीवरच्या डोळ्याला धक्का लावायचा नाही. आणि खुरपं कुठंय, दाखवा आधी." त्यांनी दोन्ही हात उघडून दाखवले. मग काढू लागले. बोटं सुजलेली, पण पान कसं सोडवायचं हे त्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं, आणि तेही बघून मला राग आला. खाली पानांचा थर साचला.

"औंदा किती धरतील?" त्यांनी विचारलं.

"दोन टिकली तरी पुष्कळ."

त्यांनी एक पान काढलं, उलटंपालटं करून बघितलं, टाकलं. "ज्येष्ठापस्तोर मी ऱ्हातो का न्हाई, कोन सांगावं."

"राहावं लागेल," मी म्हणाले. "तुमच्यासमोर खायचंय मला."

आप्पांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं नाही, वरच्या फांदीची पानं ओढत राहिले. मग काठीचा आधार घेऊन ते उठले, स्टूल हातभर सरकवलं आणि पुढच्या फांदीखाली जाऊन बसले.